मेक्सिकोतलं ‘-इतो’ आणि आपले दोन घास

प्रश्न:
मी सध्या मेक्सिकोत कुएर्नावाकाला एका कुटुंबात राहून स्पॅनिश शिकते आहे. वर्गात सांगितलं की शब्दाला ‘-इतो’ किंवा ‘-इता’ लागलं की वस्तू लहान होते. मेसा म्हणजे टेबल, मेसिता म्हणजे छोटं टेबल. पण घरच्या आजी सकाळी ‘उन काफेसितो?’ विचारतात आणि काठोकाठ भरलेला मग पुढ्यात ठेवतात. कोमालवरून, म्हणजे तव्यावरून, उतरणाऱ्या तोर्तिया चांगल्या हातभर गरम पसरलेल्या, तरी त्या ‘तोर्तियितास’. काल विचारलं, गॅसवाला कधी येणार? म्हणाल्या, ‘आओरिता’. आओरा म्हणजे आत्ता, तर आओरिता म्हणजे अगदी आत्ताच ना? तो आला संध्याकाळी. वहीत ‘-इतो = लहान’ लिहिलं होतं ते खोडलंय. मराठीत काय लिहू?

उत्तर:
खोडलंत ते बरं केलंत. मराठीत यासाठी प्रत्यय शोधू नका. चिमुकला, सानुला ठीक आहेत, पण ते चहाला लावता येत नाहीत. आपण हे काम मापाच्या शब्दांनी करतो. ‘घोटभर चहा घ्या’, ‘दोन घास खाऊन जा’, ‘जरा टेका’. दोन घास म्हणणारी माउली ताट भरूनच वाढते. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून माप तेवढं लहान बोलायचं. तेव्हा काफेसितो म्हणजे घोटभर कॉफी, आणि आओरिता म्हणजे ‘येईलच इतक्यात’. त्या ‘इतक्यात’वर आपल्याकडे तरी कोण घड्याळ लावतं?

आणखी एक उत्तर:
यात नाहुआत्ल भाषेचाही, म्हणजे मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या, अझ्टेकांच्या भाषेचाही धागा आहे. तिथे ‘-त्सिन’ असा प्रत्यय आहे (त्यातला ‘त्स’ आपल्या ‘चाक’मधल्या च सारखा, म्हणजे मराठी जिभेला फुकट मिळालेला). तो लहानपण, माया आणि आदर तिन्ही दाखवतो. तोनान्त्सिन म्हणजे ‘आमची माउली’. ग्वादालुपेच्या मातेची (मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेची) कथा 1649 साली नाहुआत्लमध्ये छापली गेली. तीत ती, जिला दर्शन दिलं त्या हुआन दिएगोला ‘हुआन्त्सिन, हुआन दिएगोत्सिन’ अशी हाक मारते. स्पॅनिश अनुवादात त्याचं होतं ‘हुआनितो, हुआन दिएगितो’. मेक्सिकोत ‘-इतो’ इतकं मुरलं त्यामागे ‘-त्सिन’ असावा असं काही अभ्यासक मानतात. सर्वांना ते मान्य नाही, मला मात्र पटतं. आपलं ज्ञानोबा, तुकोबा, विठोबा आठवा. त्या ‘-बा’मध्ये लाड कुठे संपतो आणि नमस्कार कुठे सुरू होतो? तिथे देवालाही ‘दिओसितो’ म्हणतात, तो काही छोटा देव नव्हे.

तुमच्या गावाचं नावही मूळ नाहुआत्ल, कुआउनाहुआक, म्हणजे झाडीजवळचं. स्पॅनिश कानांनी त्याचं ‘गाईचं शिंग’ केलं.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. ‘घोटभर’ वहीत लिहिलं. आज सकाळी आजींच्या आधी उठून मीच विचारलं, ‘उन काफेसितो?’ त्या कोमाल पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सी, मिहिता.’ मि इहा म्हणजे माझी मुलगी, एवढं कळलं. पण या ‘मिहिता’ला काय लिहू? ‘बाळा’?

उत्तर:
आमच्या कोकणातली आजी असती तर म्हणाली असती, ‘बयो’. तेच लिहा.