पेंटबॉल पडद्यावर का रंगत नाही?

प्रश्न: पेंटबॉल, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या झाडून प्रतिस्पर्ध्याला बाद करण्याचा खेळ, खेळताना होणारी छातीतली धडधड चित्रीकरणात मुळीच उतरत नाही, सेकंदाला जवळपास ३०० फूट वेगाने सुटलेली गोळी दिसतच नाही, दिसतात ते फक्त मुखवटे. मग प्रसारमाध्यमांतून हा खेळ नव्या प्रेक्षकांपर्यंत न्यायचा कसा?

पहिले उत्तर: माझ्या मते आधी लेखणी, मग कॅमेरा. १९८१ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकरच्या जंगलात बारा जणांनी पहिला सामना खेळला आणि त्यांच्यातीलच एका पत्रकाराने ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडा-नियतकालिकात त्याविषयी लिहिल्यावर खेळाची चर्चा दूरवर पोहोचली. विजेत्याने एकही गोळी झाडली नव्हती, ही गोष्ट तर आजही छापण्याजोगी आहे.

दुसरे उत्तर: जंगल वाचायला छान, पाहायला नाही. हवा भरलेले अडथळे मोकळ्या मैदानावर मांडले गेले, तेव्हा कुठे खेळाडूंच्या हालचाली बाहेरच्यांना दिसू लागल्या. तरीही वरून टिपलेले दृश्य आणि कोण बाद झाले हे तत्काळ सांगणारा समालोचक नसेल, तर नवखा प्रेक्षक गोंधळतोच.

तिसरे उत्तर: सहमत. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची असल्याने पडद्यावरचे घड्याळच उत्कंठा वाढवते. पेंटबॉलच्या प्रक्षेपणातही उरलेला वेळ आणि उरलेले खेळाडू सतत दिसायला हवेत.