तारा तुटताना पाहिलाय? (उल्कावर्षावाचे अनुभव)

गोधडीवाली: माळा आवरताना बाबांची जुनी विजेरी सापडली. काचेवर लाल जिलेटिन कागद, रबरबँड वितळून चिकटलेला. एकदम १९९८ चा नोव्हेंबर आठवला. मी नववीत. १७ तारखेच्या रात्री पानशेत रस्त्याला स्कूटरवर तिघं, सिंह राशीतल्या उल्का पाहायला. पेपरात आठवडाभर 'उल्कांचा पाऊस' चाललेलं. मोजणीदार मी. वहीत न बघता रेघा मारायच्या. सकाळी पाहिलं तर रेघेवर रेघ, त्रेसष्ट की त्र्याहत्तर, कळेना. पावसाला गेलो आणि ठिबक पाहून आलो! घरी पोचतोय तर दूधवाला म्हणतो, "आज कुठं? काल पहाटे यायचं होतं. अंगणात सावली पडत होती, एवढे मोठे गोळे." मोठ्या उल्का खरंच आदल्या पहाटे येऊन गेल्या होत्या. बाबा दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाहीत.
तुमचं सांगा.

कोथरूडचा_काका: डिसेंबरातल्या मिथुनेच्या. गच्चीवर चटई टाकून २ तास, हिशोब ४. समोरच्या टॉवरचा हॅलोजन थेट डोळ्यात. ताशी १२० म्हणतात तो आकडा काळ्याकुट्ट आकाशाचा आणि उगमबिंदू (उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा) डोक्यावर असतानाचा, हे कुणी सांगत नाही. वॉचमन वर येऊन, "काका, पडलात का?"

झोपाळू: 😂😂 वॉचमन

अर्धी_चपाती: आमचे हे "तो बघ!" म्हणतात, मी वळेपर्यंत खेळ खलास. वीस वर्षं हेच चाललंय. मला वाटतं थापा मारतात.

मघा_पूर्वा: @अर्धी_चपाती, बोटाकडे बघायचंच नाही, एकाच तुकड्याकडे नजर सैल सोडून पडून राहायचं. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. मोबाइलवर एक मेसेज पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. आणि मध्यरात्रीनंतरच जा. पावसात स्कूटर चालवताना पुढच्याची छाती भिजते, मागचा बराच कोरडा, तसं. पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला असतो.
पहिल्यांदाच जात असाल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करा. १९४४ पासूनची संस्था आहे.

अर्धी_चपाती: म्हणजे मागे बसणारी मी कायम कोरडी. बरोबर.

छत्रीवाला: १२-१३ ऑगस्टच्या ययाती तारकासमूहातल्या उल्का पुण्यातून पाहिलेला माणूस दाखवा, मिसळ माझ्याकडून. दरवर्षी गजर लावतो, दरवर्षी ढग.

झोपाळू: मिसळ कुठली ते आधी ठरवा

छत्रीवाला: नको, धागा ५०० प्रतिसादांवर जाईल.

साखरगाठी: २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी गच्चीवर होतो. रांगेत जळत जाणारे तुकडे, अगदी सावकाश. सासूबाईंनी हात जोडले. मी 'उल्का, उल्का' म्हणून सोसायटी गोळा केली. नंतर कळलं, चिनी रॉकेटचे अवशेष. चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात मोठी धातूची रिंगच पडली. अजून मला लिफ्टमध्ये 'उल्कावहिनी' म्हणतात.

मघा_पूर्वा: सावकाश जातं ते बहुतेक आपलंच. उल्का सेकंदभरात संपते. सिंहेतल्या तर सेकंदाला ७१ किमी. जळणारा कण बहुधा वाळूएवढा, हे मला अजून पटत नाही.

वेल्हेकर: आमच्याकडं आजी बोट दाखवू द्यायची नाही. तारा तुटला म्हणजे कुणीतरी गेलं. ती गेली त्या रात्री मी अंगणातच होतो. एकही दिसला नाही. आता शेजारी रिसॉर्टचे दिवे, तसंही काही दिसत नाही.

गोधडीवाली: @वेल्हेकर 🙏
कुकर लावून आले. विजेरीत सेल घातले, लागली!! जिलेटिन मात्र हातात चुरा झालं. नवीन कुठे मिळेल?

कोथरूडचा_काका: अप्पा बळवंत चौकात बघा. डिसेंबरात भोरकडे जाऊ. माझ्या गाडीत चार मावतात. वॉचमनलाही नेतो.

झोपाळू: मी येतो. १३ ची रात्र की १४ ची?

गोधडीवाली: थांब, दूधवाल्याला विचारून सांगते.