नागपूरहून घर हलवलंय? पॅकर्स-मूव्हर्सचे अनुभव सांगा

मनीषनगरहून पुण्याला शिफ्ट होऊन राहिलो. एका साइटवर नंबर काय टाकला, फोनवर फोन सुरू. सगळेच म्हणतात आम्ही आयबीए अप्रूव्ड, रेट मात्र एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

हिंगणा रोडवाली ताई
माझ्या नणदेचं सामान हैदराबादला गेलं. घर न बघताच फोनवर सगळ्यात कमी रेट, तिथंच शंका यायला पायजे होती म्हणा. ट्रक निघाला अन् रात्री फोन, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नाही म्हणून गाडी अडवली, पेनल्टी भरा नाहीतर सामान गोडाउनला जाईल. तिच्या नवऱ्याचा मित्र सीए आहे, तो म्हणे वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, कोणत्या अधिकाऱ्यानं अडवलं त्याची पावती पाठवा. पावती काही आली नाही, ट्रक मात्र सकाळी पोचला. तरी हमालीचे जास्तीचे उकळलेच.

रिटायर्ड बँकवाला
आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन. ट्रान्सपोर्टवाल्यांची यादी ती बँकांच्या सोयीसाठी काढते, तुमच्या फ्रिजची हमी घ्यायला नाही. अन् लोगो तर कोणीही छापतो. नोकरीत बदली झाल्यावर ऑफिसकडून सामानाचा खर्च मागायला, सामान न हलवताच नुसतं ‘आयबीए बिल’ विकणारे पण असतात, त्यांच्या नादी लागू नका भाऊ, नोकरीवर येते.

त्रिमूर्तीनगर
इन्शुरन्सचं विचारा नीट! आमच्याकडून सामानाच्या किमतीवर 3 टक्के घेतले, टीव्ही फुटल्यावर कळलं की विमा कंपनीची पॉलिसीच नाही, त्यांच्याच बिलावर एक ओळ छापलेली. पॉलिसी नंबर आधी मागायचा.

वाडीकर
आमचं बेस्ट झालं. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं आहेत, मी सरळ तिथंच जाऊन बसलो, कोण बोलून राहिला, गाडी स्वतःची की दुसऱ्याची, सगळं समोरासमोर. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नाव अन् पत्ता दिसते, बोर्डावरच्या नावाशी जुळवून बघितलं, कारण नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून दुकान मांडणारे लय आहेत. मग माणूस घरी आला, माळ्यावरचं पण बघून गेला. लोडिंगच्या दिवशी एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर चेक केला, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालाच्या पावतीवर, तोच नंबर लिहून घेतला, फ्रिजचा जुना ओरखडा पण यादीत आला. अॅडव्हान्स थोडा, तोही फर्मच्या खात्यात. कोणाच्या पर्सनल यूपीआयवर टाकायचा नाही म्हणजे नाही. एकच किरकिर: शेअरिंगचा ट्रक होता, सामान मधे दुसऱ्या गाडीत चढवलं, त्यात कुंड्या गेल्या. बायको अजून बोलते.

प्रतापनगर
फक्त बाईक असेल तर रेल्वे पार्सल बघा. पेट्रोल पूर्ण काढून न्यायचं, आरसी अन् आधारची झेरॉक्स, पॅकिंग तिथंच बाहेर करून देतात. ती कधी चढेल ते मात्र रेल्वेच्या मर्जीवर.

हिंगणा रोडवाली ताई
@त्रिमूर्तीनगर, तक्रार केली का टीव्हीची?

त्रिमूर्तीनगर
हो ना. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर केली, काही झालं नाही, मग ग्राहक आयोगात टाकली. कंपनीचं ऑफिस कुठंही असो, 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथं केस करता येते, अन् दिलेले पैसे 5 लाखांच्या आत असले तर फी पण नाही. तारीख पे तारीख चालू आहे. फुटलेल्या टीव्हीचे अन् खोक्याचे फोटो होते म्हणून निदान केस उभी तरी राहिली.