वर्ग उघडले, खोल्यांचे काय? सोलापुरातील वसतिगृहांविषयी ऑनलाइन धाग्यावरील चर्चा (नोव्हेंबर 2021; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

केगावची वाट

राज्यातील महाविद्यालये 20 ऑक्टोबरला उघडली. कोविड लसीचे दोन्ही डोस झालेल्यांनी वर्गात बसावे आणि वसतिगृहे टप्प्याटप्प्याने सुरू व्हावीत, असे शासनाने ठरवले. माझ्या मते हे टप्पे उलटे लागले आहेत. करमाळा तालुक्यातील माझ्या गावाहून केगावला विद्यापीठात पोहोचायला गाडी मिळाली तरी तीन तास लागतात, आणि दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेल्या एसटी संपामुळे आता ती गाडीही नाही. ज्याला शहरात पाठ टेकायला जागा नाही, त्याला वर्गाचे दार उघडे काय आणि बंद काय, सारखेच.

जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, 21 मार्च 2020 रोजी, मी दोन दिवसांचे कपडे घेऊन गावी गेलो होतो. परवा वसतिगृहातून सामान नेण्यापुरती परवानगी मिळाली. मधल्या काळात इमारत विलगीकरणासाठी घेतली गेल्यामुळे आमच्या सगळ्यांच्या पेट्या एका हॉलमध्ये रचून ठेवल्या होत्या. माझ्या वह्यांचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते आणि शेंगाचटणीच्या बरणीवर कुणीतरी स्केचपेनने खोलीचा क्रमांक लिहून ठेवला होता, तोही चुकीचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 5 नोव्हेंबर 2020 च्या सूचनांमध्ये म्हटले होते की आवारात एका वेळी निम्म्याहून अधिक विद्यार्थी असू नयेत, वसतिगृहे गरज असेल तिथेच उघडावीत आणि खोली वाटून राहू देऊ नये. कागदावर हे योग्य दिसते. पण तिघांच्या खोलीत एकच जण राहिला, तर उरलेले दोघे कुठे गेले, हे कुणी पाहिले का? ते शहरातल्या जुळे सोलापूर भागात किंवा विजापूर रोडला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक खाट भाड्याने घेऊन, एका खोलीत चौघे, असे राहायला गेले. गर्दी टळली नाही, ती फक्त संस्थेच्या हजेरीपटावरून उतरून खासगी घरांत गेली. म्हणून वसतिगृहे पूर्ण क्षमतेने आणि आधी उघडावीत, असे माझे मत आहे.

घरमालकीण, जुळे सोलापूर

ज्या कॉट बेसिसचा तुम्ही उल्लेख केलात, तशा सहा कॉट माझ्या वरच्या मजल्यावर आहेत, म्हणून लिहिते. तुमचे दुःख खरे आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही.

केंद्र शासनाने 29 मार्च 2020 च्या आदेशात विद्यार्थ्यांना घर सोडायला भाग पाडणाऱ्या घरमालकांवर कारवाई करण्याचे बजावले होते, आणि पुढे एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकण्याची सूचना केली. मी कुणालाही काढले नाही. तथापि लांबणीवर टाकणे म्हणजे माफ करणे नव्हे, हे मुलांच्या घरच्यांना पटवून देता देता माझे वर्ष गेले. एका मुलाची पेटी अजून माझ्या जिन्याखाली आहे, त्याचा फोन लागत नाही. वापर नसताना लाइट बिलाचा स्थिर आकार आणि घरपट्टी मात्र चुकली नाही.

पैशाचे असो. मूळ मुद्दा जागेचा आहे. यंदा 15 फेब्रुवारीला निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडली तेव्हा मी चार मुलांना परत घेतले, आणि काही दिवसांतच पुन्हा सगळे बंद झाले. त्यानंतरच्या लाटेत माझ्या सासूबाईंना बाधा झाली. ती मुलांनी आणली असे मी म्हणणार नाही, कारण दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत कुणाकडूनही ती आली असेल. परंतु त्यांच्यासाठी रुग्णालयात खाट शोधताना गेलेले दोन दिवस मी विसरू शकत नाही. शिवाय आपल्या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. सहा जण, एक न्हाणीघर आणि गच्चीवरची एक टाकी, एवढ्या सामग्रीवर वारंवार हात धुण्याचा नियम कसा पाळायचा, ते पूर्ण क्षमतेचा आग्रह धरणाऱ्यांनी मला समजावून सांगावे. वसतिगृहातही पाणी तेच आहे.

अक्कलकोट अप-डाऊन

मी घरमालकीण काकूंशी सहमत आहे, पण कारण वेगळे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे करून 2004 मध्ये सोलापूरसाठी, एकाच जिल्ह्यासाठी, विद्यापीठ स्थापन झाले ते कशासाठी? मुलांना घरी राहून शिकता यावे म्हणूनच ना. मी तीन वर्षे अक्कलकोटहून चाळीस किलोमीटर अप-डाऊन केले. विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत असते, त्यामुळे खोलीभाड्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडे. सध्या संप असल्याने वडापवाले, म्हणजे खासगी जीपवाले, मागतील तेवढे द्यावे लागतात, हे मान्य. पण संप कायमचा नाही आणि साथही कायमची नाही. तोवर व्याख्याने ऑनलाइन ठेवावीत, विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी सलग उरकावीत आणि तेवढ्यापुरतीच वसतिगृहाची सोय करावी. त्यासाठी अख्खी इमारत भरण्याची गरज नाही.

मंगळवेढ्याची आई

दादा, दहा दिवसांसाठी मुलीला शहरात पाठवा आणि अकराव्या दिवशी परत आणा, हे लिहायला सोपे आहे. एसटी नसताना तिला वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसवताना मला वसतिगृहापेक्षा जास्त भीती वाटते.

माझी मुलगी प्रथम वर्षाला आहे आणि तिला अठरा पूर्ण व्हायला चार महिने आहेत. म्हणजे दोन डोसची अट तिने पाळायची म्हटली तरी तिच्या वयाला अजून लसच उपलब्ध नाही. तिच्याहून मोठ्या मुलांचीही तऱ्हा पाहा. अठरा वर्षांवरील सर्वांना 21 जूनपासून मोफत लस मिळू लागली, कोविशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचे अंतर आहे, त्यामुळे ज्याला जुलैच्या शेवटी पहिला डोस मिळाला त्याचा दुसरा ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी येऊच शकत नव्हता. गावोगावच्या लसीकरणाच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात मुलांचा दोष दिसणार नाही.

आणखी एक सांगते, थोडे विषयाला सोडून वाटेल. मुलगी घरीच आहे म्हटल्यावर आमच्याकडे स्थळे येऊ लागली आहेत. दीड वर्षात तिच्या बरोबरीच्या दोघींची लग्ने झाली. आमच्याच मतदारसंघात 17 एप्रिलला पोटनिवडणूक झाली, सभांना माणसे मावत नव्हती. तेव्हा साथ आड आली नाही, मग मुलींच्या खोलीच्या वेळीच ती का आडवी येते?

निवृत्त रेक्टर

ताई, निवडणुकीत एक चूक झाली म्हणून वसतिगृहात दुसरी करावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. मी बरीच वर्षे मुलांच्या वसतिगृहाचे काम पाहिले आहे, त्यामुळे इमारत उघडणे म्हणजे नेमके काय, ते थोडे सविस्तर सांगतो.

वर्गातली बाधा तास संपला की पांगते. वसतिगृहातली रात्रभर तिथेच राहते. मजल्यावर सामाईक स्वच्छतागृह असते, मेसमध्ये ताटे एकाच हौदावर विसळली जातात, आणि एकाला ताप आला की तो ती गोष्ट पहिले दोन दिवस लपवतो, कारण घरी पाठवतील ही भीती असते. म्हणून आजारी मुलासाठी वेगळी खोली आणि वेगळे स्वच्छतागृह राखून ठेवल्याशिवाय कुणी पूर्ण क्षमतेची भाषा करू नये. रात्री अडीच वाजता त्या मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा माणूस म्हणजे रेक्टर किंवा शिपाई असतो, आणि या धाग्यावर त्याची आठवण अजून कुणाला झालेली नाही. मेसचे गणितही असेच आहे. तीस-चाळीस ताटांवर कुठलाही कंत्राटदार उभा राहत नाही. म्हणून अर्धवट उघडलेल्या वसतिगृहातली मुले बाहेरच्या खानावळीत जेवतात आणि एका खोलीत एक या नियमाचा उपयोग संध्याकाळी आठ वाजता संपतो. इथे मला केगावची वाट यांचे म्हणणे निम्मे मान्य करावे लागते.

तरीही माझा कौल दोघांच्या खोलीला आहे, तिघांच्या नाही. जे उरतील त्यांच्यासाठी पैशाची तरतूद हवी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून सोलापुरासारख्या महानगरपालिका क्षेत्रात वर्षाला 51 हजार रुपये मिळण्याची सोय आहे. साथीच्या नियमामुळे ज्याची कॉट गेली, त्या प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला तशीच रक्कम तात्पुरती का देऊ नये?

केगावची वाट

सर, ताप लपवण्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते खरे आहे, मीही एकदा लपवला होता. परंतु खासगी खोलीत तो लपवणे अधिक सोपे असते, कारण तिथे रेक्टर नसतो. दोघांची खोली मला मान्य आहे. पैशाच्या तरतुदीबद्दल मात्र मी साशंक आहे. योजनेची रक्कम वर्ष सरता सरता खात्यावर येते आणि डिपॉझिट पहिल्या दिवशी द्यावे लागते. हातात पैसा नसेल तर मुलगा खोली घेत नाही, शेतात किंवा यंत्रमागावर कामाला जातो, आणि एकदा पगार हातात पडू लागला की परत येत नाही. आमच्या तुकडीतले दोघे असे गेले आहेत.

अक्कलकोटच्या मित्राला एवढेच सांगतो की चाळीस किलोमीटरवरून दिसणारा जिल्हा आणि करमाळ्याहून दिसणारा जिल्हा एक नाही. ऑनलाइन तासासाठी मी आमच्या वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसत असे.

घरमालकीण, जुळे सोलापूर

रेक्टर सरांचे दोघांचे प्रमाण मीही माझ्या घरी लावून पाहिले. सहाच्या जागी चार ठेवले तर भाडे दीडपट करावे लागेल, आणि तेवढे देणारा मुलगा मला मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सासूबाई खाली आहेत तोवर चारपेक्षा जास्त घेणार नाही, आणि भाड्यातली तूट काही महिने मी सोसेन.

मंगळवेढ्याच्या ताई, माझ्याकडे सध्या मुलेच राहतात, त्यामुळे तुमच्या मुलीला ठेवू शकत नाही. मात्र शेजारच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका दोन मुलींना जागा देतात, स्वयंपाकघर वापरू देतात आणि लसीचा दाखला फक्त अठरा पूर्ण झालेल्यांकडे मागतात. हवे असल्यास मी त्यांच्याशी बोलून ठेवते. एक कॉट या महिन्याअखेर रिकामी होणार आहे, असे परवा पाणी भरताना त्या म्हणाल्या होत्या.