मदत हवी आहे: फुटबॉलमधल्या गुणी विंगरची (कडेने हल्ला चढवणाऱ्या खेळाडूची) शिस्त कशी जोखायची?

मुलगा १७ वर्षांचा. पहिला टच, वेग, डाव्या पायाचा क्रॉस, कशातच खोट नाही. खरी अडचण चेंडू समोरच्या संघाकडे गेल्यावर. पहिल्या ५-६ सेकंदांत धावून दबाव टाकायचा, तर हा कमरेवर हात ठेवून उभा. मागे फुलबॅक (त्याच कडेचा बचावपटू) एकटा दोघांच्या तावडीत सापडतो.

हॅमस्ट्रिंगसाठीचे (मांडीमागच्या स्नायूंसाठीचे) नॉर्डिक कर्ल, म्हणजे गुडघ्यांवर राहून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम, सांगितले तरच करतो. सतत स्प्रिंट मारणाऱ्या विंगरने तेच टाळलं तर स्नायू फाटायला वेळ लागत नाही, म्हणून जास्त काळजी वाटते. झोपही अपुरी.

चार आठवडे झोप आणि व्यायामाची नोंद त्यालाच ठेवायला लावावी म्हणतो. एवढ्यावरून ट्रायलला पाठवावं, की आधी एक हंगाम राखीव संघात? अशा खेळाडूला बाकावर बसवलेल्या प्रशिक्षकांनी कृपया सांगा, फरक टिकतो का?