मदत हवी आहे: वाईनची लेव्हल २ परीक्षा, ठाणे-नवी मुंबईत कोणी दिली आहे का?

नमस्कार मंडळी. मी नेरूळची, हॉटेलात सर्व्हिसला आहे. डब्ल्यूएसईटीची (वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट, वाईनचं शिक्षण देणारी संस्था) लेव्हल २ वाईन परीक्षा द्यायची आहे. ५० बहुपर्यायी प्रश्न, एक तास, पास व्हायला ५५ टक्के. चाखण्याची परीक्षा थेट लेव्हल ३ ला, त्यामुळे ती धास्ती नाही.

शेनिन ब्लां, शिराझ ही द्राक्षं नाशिकच्या कृपेने ओळखीची आहेत. गाडी अडते युरोपच्या लेबलांवर. तिथे बऱ्याचदा द्राक्षाचं नावच नसतं, नुसतं गाव! शाब्ली म्हणजे शार्डोने, सांसेर पांढरी असेल तर सोव्हिन्यों ब्लां, बारोलो म्हणजे नेब्बिओलो. जर्मनीत काबिनेट, श्पेटलेसे हे दर्जे तोडणीच्या वेळच्या रसातल्या साखरेवरून ठरतात, तयार वाईनच्या गोडीवरून नाही. म्हणून काबिनेट कोरडीही (म्हणजे गोड नसलेली) निघते. हे सगळं लक्षात कसं ठेवलंत? नकाशे काढून, की नुसतं घोकून?

दुसरं, वाशी ते ठाणे पट्ट्यात रीसलिंग (त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन) कोणत्या दुकानात हमखास मिळते? आयात बाटल्यांचे भाव बघता एकटीने घेणं परवडत नाही. तिघंचौघं मिळून बाटली काढायला तयार असाल तर रविवारी जमूया. जागा मात्र तुमच्याकडे हवी. आमच्या सासूबाईंना हा ‘अभ्यास’ अजून पटलेला नाही. सरावाचे प्रश्न असतील तर तेही कळवा.