जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटखालचा फोम झडू लागला आहे: नवा पॅड कशाचा आणि कसा बसवावा?

प्रश्न

नमस्कार. आमची डिझेल गाडी आता पंचवीस वर्षांची झाली आहे. इंजिन यांत्रिक पंपाचे आणि टर्बोचे असून अजूनही पहिल्याच चावीला सुरू होते. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला काळा फोम मात्र गेल्या वर्षापासून झडू लागला आहे. बोट लावले की त्याचा चिकट भुगा होतो. मधल्या भागातील तळहाताएवढे तुकडे गळून पत्रा उघडा पडला आहे, आणि एअर फिल्टरच्या डब्यावर, बेल्टच्या आसपास, वायपरखालच्या जाळीतही काळे कण सापडतात. ब्लोअर लावला की त्यातले काही कण डॅशबोर्डच्या झडपांतून आत येतात, याची मला सर्वाधिक काळजी वाटते.

हा फोम काढून टाकून बॉनेट तसेच उघडे ठेवले तर चालेल का? नवा बसवायचा झाल्यास कोणत्या साहित्याचा घ्यावा, आणि जुन्या गोंदाचा थर रंगाला धक्का न लावता कसा काढावा? ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्यांनी सविस्तर सांगितल्यास फार उपकार होतील.

उत्तर १

आपल्याला एक कळकळीची विनंती आहे: जुना फोम खरवडण्यापूर्वी त्याचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा, कारण इंजिन कुठे गळते आहे याची इतकी स्पष्ट नोंद गाडीत दुसरीकडे कुठेही सापडत नाही.

पॉलियुरेथेन फोमच्या रेणुसाखळ्या उष्णता आणि हवेतील बाष्प यांमुळे वर्षानुवर्षे हळूहळू तुटत जातात, म्हणून जुन्या गाडीतला फोम आज ना उद्या जातोच. मात्र सगळा फोम एकसारखा झिजला आहे की एखाद्याच जागी आधी गेला आहे, हे नीट पाहावे. टर्बो किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) वरचा भाग करपून कडक झाला असेल, तर तो उष्णतेचा परिणाम आहे. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे आवरण) किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाच्या वर काळपट, तेलकट डाग असेल, तर गास्केट (सांध्यात बसवलेली गळतीरोधक पट्टी) अथवा झाकणाचे रबर तपासायला हवे. इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांच्या) रांगेवर फोम ओलसर लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टरना जोडणाऱ्या, उरलेले डिझेल परत नेणाऱ्या रिटर्नच्या बारीक रबरी नळ्या तडकल्या असण्याची शक्यता मोठी आहे. कापडी विणीच्या या नळ्या वरून धड दिसतात, पण टोकाशी दुमडून पाहिले की आतले रबर फुटलेले आढळते.

डाग इंजिनच्या नेमक्या कोणत्या भागावर येतो हे ठरवण्यासाठी बिजागरीच्या रेषेपासून डागापर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि तेच अंतर इंजिनावर मोजून पाहावे. नुसत्या अंदाजाने ठरवू गेल्यास वीतभर चूक सहज होते. माझ्या गाडीत मी हे मोजले नव्हते. नवा पॅड बसवला, आणि सहा महिन्यांत त्याच जागी पुन्हा डाग उमटला, कारण चौथ्या इंजेक्टरची नळी पाझरतच राहिली होती. डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, आणि चालत्या इंजिनाचे कित्येक भाग त्याहून खूप तापलेले असतात. म्हणूनच डिझेल शोषलेला फोम हा केवळ दिसण्याचा प्रश्न मानू नये. आधी गळती बंद करावी, मगच नवा पॅड आणावा.

उत्तर २

बॉनेटचा पत्रा आतून फोमशिवाय ठेवून गाडी चालवली तर इंजिनाला काहीही इजा होत नाही. वरच्या रंगाला थोडी अधिक उष्णता लागते, आणि गाडीजवळ उभे राहिल्यावर किंवा काच खाली असताना डिझेलचा टकटकाट जास्त ऐकू येतो. बंद काचांच्या आत मात्र पुष्कळसा आवाज फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) आणि इंजिनाच्या माउंटिंगमधून येतो, त्यामुळे केवळ हा पॅड बदलून केबिन शांत होईल अशी अपेक्षा ठेवू नये. झडणारा फोम ठेवण्यापेक्षा मोकळा पत्रा निश्चितच बरा.

उत्तर ३

जुना फोम काढण्याचे काम मी दोन गाड्यांवर केले आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

गाडी पूर्ण थंड असावी. बॅटरीची ऋण वायर सोडावी. एअर फिल्टरचे तोंड, अल्टरनेटर आणि वायपरखालची जाळी कापडाने व चिकटपट्टीने झाकावी, आणि उरलेल्या इंजिनावर जुनी चादर पसरावी. आपल्या ब्लोअरमधून येणारे कण याच जाळीतून आत जातात, त्यामुळे काम संपल्यावर जाळी काढून खालची पोकळी व्हॅक्यूमने साफ करावी आणि केबिन फिल्टर असल्यास तोही बदलावा. डोळ्यांना चश्मा आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. भुगा हवेच्या दाबाने कधीही उडवू नये. फोमवर पाण्याचा हलका फवारा मारून तो ओलसर असतानाच काढला, तर धूळ उडत नाही. गाडी फारच जुनी असून पॅड फोमचा नसून करड्या धाग्यांचा असेल, तर त्याला हात लावू नये. पूर्वी काही गाड्यांच्या बॉनेटखालच्या थरात ॲस्बेस्टॉस वापरले जात असे.

सैल फोम हातानेच निघतो. खरे कष्ट त्याखालच्या पिवळसर गोंदाचे आहेत. लोखंडी पात्याने किंवा तारेच्या ब्रशने तो निघतो, पण रंगही ओरखडतो, आणि त्या प्रत्येक ओरखड्यावर पुढे गंज धरतो. मी प्लॅस्टिकचे पाते वापरले. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंध्या गोंदावर दहा-पंधरा मिनिटे दाबून ठेवल्या की गोंद फुगून मऊ होतो आणि त्याच्या लांबच लांब वळकट्या निघू लागतात. आधी एका कोपऱ्यात वापरून रंग टिकतो आहे ना हे पाहावे. रंगाचे थिनर अजिबात वापरू नये. शेवटी साबणाच्या पाण्याने पत्रा धुऊन तो पूर्ण वाळू द्यावा, कारण तेलकट पत्र्यावर कोणताही गोंद धरत नाही. थोडेफार डाग राहिले तरी हरकत नाही, परंतु उंचवटे राहू देऊ नयेत.

चिकटवताना घाई करू नये. साधा स्प्रे गोंद उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली मऊ पडतो आणि पॅड मधोमध पोट सुटल्यासारखा लोंबू लागतो, म्हणून शंभर अंशांच्या पुढे टिकणारा कॉन्टॅक्ट गोंदच घ्यावा. तो पत्रा आणि पॅड अशा दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळवावा लागतो. त्यानंतर दोन्ही पृष्ठभाग एकदा टेकले की पुन्हा सरकवता येत नाहीत. यासाठी मी दोहोंमध्ये मोठा गुळगुळीत कागद धरला, मधल्या रेषेवर पॅड जुळवला आणि कागद एका बाजूने हळूहळू ओढत नेत हाताने पॅड दाबत गेलो. दुसरा माणूस मदतीला असल्याशिवाय हे काम करू नये. पॅड क्लिपांवर बसणारा असेल तर क्लिपा नव्याच घ्याव्यात, कारण जुन्या क्लिपा काढतानाच तुटतात.

उत्तर ४

साहित्याबद्दल लिहितो, कारण इथेच पैसे वाया जातात. पुष्कळ जण बॉनेटला आतून ॲल्युमिनियमच्या कागदाची ब्यूटाइल शीट (जड, चिकट रबराचा थर) लावतात. ती पत्र्याची थरथर थांबवते, परंतु इंजिनाचा आवाज शोषत नाही, आणि चौरस मीटरला तीन किलोच्या पुढे वजन वाढवते. जुन्या बॉनेटचे गॅस दांडे किंवा स्प्रिंग तेवढ्याने दमतात आणि बॉनेट हातावर येण्याचा धोका निर्माण होतो. बंद पेशींचा (आतली छिद्रे एकमेकांना जोडलेली नसलेला) रबरी फोमही इथे फारसा उपयोगी नाही, कारण ध्वनी आत शिरल्याशिवाय शोषला जात नाही, म्हणून पेशी उघड्या असाव्या लागतात.

जाडीचे गणित साधे आहे. ध्वनीच्या लहरीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी जाडी असली की शोषण उत्तम होते. चार हजार हर्ट्झची लहर साडेआठ सेंटिमीटरची असते, तिचा चौथा हिस्सा सुमारे दोन सेंटिमीटर. म्हणजे वीस मिलिमीटरचा पॅड डिझेलचा धातूवर धातू आपटल्यासारखा तीक्ष्ण टकटकाट चांगला मारतो, परंतु खालची घरघर त्याने कमी होणार नाही.

माझी पसंती मेलामाइन फोमला आहे. त्याचे वजन घनमीटरला अवघे दहा किलोच्या आसपास असते, आणि आग न पसरण्याच्या यूएल ९४ चाचणीत तो व्ही-० श्रेणीत, म्हणजे ज्योत दूर केली की पटकन विझणाऱ्या साहित्यांत, बसतो. मात्र तो नखानेही फाटतो आणि तेल-पाणी चटकन पितो, म्हणून वर पातळ कापडी आवरण असलेलाच घ्यावा आणि कडा बंद कराव्यात. मूळ आकाराचा तयार पॅड मिळत असेल तर मात्र तोच घ्यावा, कारण त्यात बिजागरी, कुलूप आणि टर्बो यांच्या जागा आधीच कापलेल्या असतात.

शीट कापून लावणार असाल तर टर्बो, फिल्टरचा डबा आणि बॅटरी यांच्या उंच टोकांवर क्ले ठेवून, वर प्लॅस्टिकचा कागद घालून बॉनेट एकदा हळूच बंद करावे. क्ले जितका दबून उरेल तितकीच तिथली मोकळी जागा. माझ्या गाडीत बॅटरीवर ती अठरा मिलिमीटर भरली, म्हणून तेवढा भाग मी पॅडमधून कापून टाकला. ॲल्युमिनियमचा थर असलेला पॅड बॅटरीच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्तीचे पुन्हा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फोटो काढून बिजागरीपासून अंतर मोजले. सर्वांत खोल झिजलेला भाग बिजागरीपासून ४६ सेंटिमीटरवर आहे, आणि इंजिनावर तेच अंतर दुसऱ्या व तिसऱ्या इंजेक्टरमधील रिटर्न नळीवर येते. इंजिन सुरू ठेवून, पंखा व बेल्टपासून हात दूर ठेवत, नळीच्या टोकाला पांढरा कागद लावला, तर अर्ध्या मिनिटात त्यावर ओला डाग पडला. चारही नळ्या बदलायला दिल्या आहेत. आठवडाभर गाडी चालवून कागद कोरडा राहतो याची खात्री करेन, आणि त्यानंतरच गोंद खरवडायला घेईन. क्लेची चाचणी करून कोणत्या जागी किती मोकळी जागा निघाली, तेही इथे लिहीन.